अनोळखी नंबरवरून फोन आला तर तुमच्या घरी काय नियम आहे?

चिंचगुळ (धागाकर्ती)

आमच्या घरचा नियम गेल्या आठवड्यात तोंडावर आपटला, म्हणून विचारतेय.

मी पुण्यात, बाबा वाईला एकटे. वय ७९, निवृत्त शिक्षक, तब्येत ठणठणीत, कान थोडे गेलेत. जूनमध्ये त्यांना ते 'ट्रायमधून बोलतोय'वालं प्रकरण झालं (ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था; प्रकरण मोठं आहे, नंतर सांगते). पैसे गेले नाहीत, पण मी आणि भावाने मिळून फतवा काढला: नाव दिसलं नाही तर फोन उचलायचा नाही. कोणाचाही असो. आम्हालाही हाच नियम, कारण आपण उचलायचा आणि त्यांना नको म्हणायचं हे बाबांनी चालवून घेतलं नसतं.

मागच्या बुधवारी दुपारी माझी मीटिंग चालू होती. अनोळखी नंबर. वाजू दिला. परत आला, परत वाजू दिला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ब्लॉकच करणार होते, तेवढ्यात मेसेज पडला. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत घाईने टाइपलेला: 'तुमचे वडील इथे स्टँडवर पडलेत फोन उचला'.

बाबा एसटी स्टँडवर पायरी चुकून पडले होते. मनगट मोडलं, चष्मा फुटला, फोनची स्क्रीन गेली. स्टँडबाहेरच्या रसवंतीवाल्याने त्यांना खुर्चीत बसवलं आणि बाबांनी त्याला माझा नंबर तोंडपाठ सांगितला. (मला माझ्या सख्ख्या भावाचा नंबर पाठ नाही.) पहिला फोन १२.४१ला, मेसेज १.०३ला. बावीस मिनिटं तो माणूस गिऱ्हाईक सोडून माझ्या मागे लागला होता, आणि मी इकडे 'असेल कोणीतरी लोनवाला' म्हणून स्क्रीनकडे बघत होते.

आता हात प्लास्टरमध्ये आहे, बाबा ठीक आहेत. पण नियमाचं काय करू? उचलावा तर जून, न उचलावा तर बुधवार.

नाठाळ

मी उचलतो. आणि सोडत नाही. परवा एका लोनवाल्याला म्हटलं, लोन हवंय पण म्हैस गहाण ठेवून, चालेल का? गाभण आहे, म्हणजे दीड म्हैस धरा. अकरा मिनिटं चाललं. शेवटी त्यानेच ठेवला.

सायली_एन

चिंचगुळ, बाबांना लवकर बरं वाटो. तो बावीस मिनिटांचा हिशेब वाचून पोटात गोळा आला.

खातेवही

नाठाळ, लोन विकणारा पोरगा बहुतेक वेळा रोजचं टार्गेट डोक्यावर घेतलेला असतो, त्याला म्हैस दाखवून काय मिळवलंत? आणि पलीकडे खरा भामटा असेल तर एवढंच सिद्ध होतं की हा नंबर चालू आहे आणि इकडे भरपूर मोकळा वेळ असलेला इसम बसलाय. हे नंबर याद्यांमधून विकले जातात. 'चालू' अशी खूण पडलेल्या नंबराला भाव जास्त.

चिंचगुळ, मी बँकेत होतो, आता निवृत्त. नंबराच्या सुरुवातीवरून थोडीफार चाळणी लागते, ती आधी सांगतो. १४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे जाहिरात. नोंदणी केलेली असली तरी जाहिरातच, त्यामुळे न उचलल्याने तुमचं काही बिघडत नाही. १६०० ने सुरू होणारी मालिका बँका, विमा कंपन्या, सरकारी कार्यालयं यांच्या कामाच्या फोनसाठी ठेवलीय. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की ग्राहकाला व्यवहारासंबंधी फोन करायचा तर १६०० वरूनच करा, जाहिरात करायची तर १४० वरून. दहा आकडी साध्या मोबाइलवरून कोणी म्हणालं 'बँकेच्या हेड ऑफिसातून बोलतोय, कार्ड ब्लॉक होतंय', तर आवाज कितीही गोड असो, ठेवून द्यायचा.

आता खरं सांगतो. शाखेतला शिपाई किंवा अधिकारी आजही आपल्या खिशातल्या मोबाइलवरून 'काका, हयातीचा दाखला राहिलाय' म्हणून फोन करतो. मी स्वतः असे शेकड्याने केलेत. म्हणजे ही चाळणी भोकं पडलेलीच आहे. म्हणून माझा नियम नंबरावर नाही, फोन कोणी लावला यावर आहे. त्याने लावला असेल तर ऐकायचं, काही सांगायचं नाही. सांगायचंच असेल तर ठेवायचा आणि पासबुकावर छापलेल्या नंबरावर आपण लावायचा. त्याने दिलेल्या नंबरावर नव्हे, आणि गूगलवर शोधलेल्या तर अजिबात नव्हे. खोटे कस्टमर केअर नंबर तिथेच पेरलेले असतात.

फेज_न्यूट्रल

ताई, आमचं सगळं उलटं हाय बगा. इचलकरंजीत वायरिंगची कामं करतोय. अनोळखी नंबर म्हंजे आमची भाकरी. सेव्ह नंबरावरनं येतोय तो बहुतेक उधारीवालाच. रात्री अकराला लूमची मोटार जळली म्हणून फोन येतो, तो काय आधी ओळख करून देऊन येणार व्हय? न उचलून भागत न्हाई.

पण दोन वर्षांत एक शिकलोय. खऱ्या गिऱ्हाइकाला स्वतःचीच घाई असती, तो नाव, गल्ली, लाईट कधी गेली ते धडाधड सांगतो. खोटा माणूस आधी मलाच विचारतो, 'पैचाना क्या?' मी म्हणतो, न्हाई पैचाना, तूच सांग. तिथंच निम्मे गळत्यात.

एकदा फसता फसता वाचलोय. लष्करी छावणीतनं बोलतोय म्हणाला, पन्नास पंखे बसवायचेत, ॲडव्हान्स पाठवतो, तेवढा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. मी पिन टाकणार, तर बायको म्हणाली पैसे यायला पिन कशाला लागतो? गप बसलो. पंखे लावायचं काम माझं, पण डोकं तिचं चाललं.

लोकेशन_पाठवा

बायकोला नमस्कार सांगा दादा. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे वाक्य गल्लीच्या कोपऱ्यावर रंगवून ठेवायला पाहिजे.

मी पार्सल पोचवतो, नाशिक. रोज सत्तर-ऐंशी फोन करतो आणि निम्मे लोक उचलत नाहीत. एवढे फोन गेले की नाव दाखवणाऱ्या ॲपवर माझा नंबर लाल, म्हणजे कटकट्या, दिसायला लागतो, मग उरलेले पण उचलत नाहीत. गेटवर उभा राहून, ज्याचं पार्सल त्याच्याच खिडकीखाली, त्याचा वाजणारा फोन ऐकलाय मी.

विनंती एकच. पार्सल मागवलं असेल त्या दिवशी तरी उचला. आणि आम्ही कोणीही कधीही स्टार ४०१ स्टार करून पुढे अमुक नंबर दाबा असं सांगत नाही. जो सांगतो तो डिलिव्हरीवाला नव्हे.

नाठाळ

खातेवही, म्हैस मागे घेतो. पण ते स्टार ४०१ काय प्रकरण आहे?

ट्रंककॉल

मी सांगतो, जन्म टेलिफोन खात्यात गेला.

स्टार ४०१ स्टार आणि पुढे भामट्याचा नंबर लावला की तुमचे येणारे फोन परस्पर त्याच्याकडे वळतात. मग तो तुमच्या नंबरावर व्हॉट्सॲप उघडतो, 'कोड फोनवरून सांगा' हा पर्याय निवडतो, आणि कोड सांगणारा फोन त्याच्याकडेच जातो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असं आकडे दाबून फोन वळवणं बंद करायला लावलं. तरीही शंका असेल तर दोन वेळा हॅश, ००२, पुन्हा हॅश दाबून कॉल बटण दाबा, वळवलेलं सगळं रद्द होतं.

आता मूळ मुद्दा. आमच्या काळी ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, बुक केला की मध्ये ऑपरेटर बाई असायची. 'सोलापूरहून बोलणार आहेत, देऊ का?' असं ती विचारायची. अर्जंट, लाइटनिंग, पीपी असे प्रकार. पीपी म्हणजे ठरावीक माणूस आला तरच जोडायचा. फोन कोणाचा हे आधी कळायचं, मग बोलणं. नंतर एसटीडी आलं, ऑपरेटर गेली आणि फोन मुका झाला. रिसीव्हर उचलून 'हॅलो, कोण?' म्हणण्याखेरीज इलाज नव्हता, आणि तरी आपण प्रत्येक फोन उचलायचोच. कुठून आला हे दाखवणारी ती छोटी डबी लँडलाइनच्या शेजारी आली तेव्हा लोक नंबर वहीत उतरवून ठेवायचे. मोबाइलवर तर येणाऱ्या फोनचेही पैसे पडायचे. १ मे २००३ला इनकमिंग फुकट झालं आणि तिथून कोणीही कोणालाही फोन करू लागलं. आज जे भोगतोय त्याचं मूळ त्या आनंदाच्या दिवसात आहे, असं मी घरी म्हणतो तेव्हा कोणी ऐकत नाही.

असो. स्क्रीनवर दिसणारा नंबर हा पाकिटाच्या मागे लिहिलेल्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यासारखा असतो. पाकीट ज्याने टाकलं त्यानेच तो लिहिलेला. परदेशातून इंटरनेटवरून फोन सोडायचा आणि वर +९१ चिकटवायचं, हे बरीच वर्षं सर्रास चाललं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने अशा फोनना वेशीवरच अडवणारी यंत्रणा लावली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत १ कोटी ३५ लाख फोन अडले. दुसरा मार्ग सिमबॉक्सचा. एखाद्या भाड्याच्या खोलीत शेकडो सिम बसवलेली पेटी ठेवतात. फोन परदेशातून इंटरनेटवर येतो आणि तिथून खऱ्याखुऱ्या भारतीय सिमवरून तुमच्याकडे निघतो. नंबर अस्सल, माणूस खोटा. ही सिम कोणाच्या नावावर? तुमच्या-माझ्या. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. एका माणसाला ९ ची मर्यादा आहे. मी पाहिलं तर पाच होती, घरातली चार. पाचवं कोणाचं ते आजतागायत कळलं नाही, तिथूनच बंद करायला टाकलं.

डब्लिनची_बाय

अगदी हेच! मी आईला स्वस्तातल्या ॲपवरून फोन करायचे तेव्हा तिला कधी बिहारचा, कधी केरळचा नंबर दिसायचा. ती उचलून आधी 'नको, नको, आमच्याकडे आहे' म्हणायची, मग माझा आवाज ओळखायची. आता सरळ व्हॉट्सॲप.

सायली_एन

चिंचगुळ, तुमच्या बुधवारवर फोनमध्येच एक उपाय आहे, फार कोणी वापरत नाही. 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं तरी आत 'रिपीट कॉलर' नावाची सोय असते. त्याच नंबरावरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. अँड्रॉइडवर ही मुदत १५ मिनिटांची आहे, आयफोनवर ३ मिनिटांची. मी मीटिंगला बसताना हेच लावते. अडलेला माणूस लागोपाठ करतो, जाहिरातवाला पुढच्या नंबराकडे जातो.

आयफोनवाल्यांनी 'अनोळखी नंबर गप्प करा' ही २०१९ पासूनची सोय जपून वापरा. त्यात नंबर सेव्ह नसेल तर घंटाच वाजत नाही. ज्याला आपण आधी स्वतः फोन केलाय तो मात्र वाजतो. माझ्या जावेने लावलं आणि मुलाच्या शाळेच्या बसचे फोन महिनाभर शांतपणे मिस्ड कॉलमध्ये जमत होते.

खातेवही

सायली, भामटाही लागोपाठ करतो.

सायली_एन

करतो ना. पण प्रश्न उचलायचा की नाही हा होता. उचलल्यावर काय करायचं ते तुम्ही वर सांगितलंच आहे.

मांडवी

पणजीहून. तुम्ही सगळे पैशांबद्दल बोलताय. बायकांना येणारे निःशब्द फोन वेगळेच. नव्वदच्या दशकात लँडलाइनवर यायचे, बाबांनी उचलला की कट, मी उचलला की नुसता श्वास. आता मोबाइलवर येतात, रात्री साडेअकरानंतर, दर वेळी नवा नंबर. ॲपवर नाव शोधून 'तू अमुक ना?' असं मी एकदा विचारलं, ती चूक झाली. त्याला हवं तेच मिळालं, मी बोलले.

नंतर मैत्रिणीच्या सांगण्यावरून गप्प राहून स्क्रीनशॉट ठेवत गेले, तारीख-वेळेसकट. चौदा झाले तेव्हा ते घेऊन ठाण्यावर गेले. तोंडी सांगितलं असतं तर 'नंबर बदला' म्हणाले असते. चौदा कागद टेबलावर ठेवल्यावर तसं म्हणवेना.

पावसाळी

मांडवी, शाबास.

इथे जपानी प्रकार कोणाला माहीत आहे का? एक रिंग आणि कट, आणि आपण परत लावला की मिनिटाला भरमसाट दर. वानगिरी म्हणतात त्याला. वान म्हणजे वन, किरी म्हणजे कापणं. मला पहिल्यांदा ऐकून सह्याद्रीतला किल्ला वाटला होता. २०२३ च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपवर इंडोनेशिया, व्हिएतनाम, इथिओपियाचे कोड घेऊन अशा मिस्ड कॉलचा पाऊस पडला होता, तो त्याचाच चुलतभाऊ. परत लावायचा नाही, एवढंच.

नाठाळ

वानगिरीवर ट्रेक काढू या. जाताना एक रिंग, येताना कट.

चिंचगुळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. जूनचं सांगते म्हणाले होते.

सकाळी दहाला रेकॉर्ड केलेला आवाज आला: 'दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, माहितीसाठी ९ दाबा.' बाबांनी ९ दाबलं. चाळीस वर्षं परिपत्रकं वाचून अंमल केलेला माणूस, दाबणारच. पलीकडचा म्हणाला, तुमच्या आधारवर अंधेरीत दुसरं सिम निघालंय, त्यावरून घाणेरडे मेसेज गेलेत, तुम्हाला पोलिसांकडे जोडतो. मग व्हिडिओ कॉल. खाकी वर्दी, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायली. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, मुलांना सांगितलंत तर तीही आरोपी होतील. खात्यात किती, एफडी किती, सगळं विचारलं. 'पडताळणीसाठी' पैसे एका खात्यात टाका, निर्दोष ठरलात की परत.

बाबा तीन तास त्या खुर्चीत बसले होते. मध्ये त्यांनी लघवीला जायची परवानगी मागितली. हे त्यांनी मला नाही सांगितलं, माझ्या नवऱ्याला सांगितलं. ज्या माणसाकडे गावातल्या दोन पिढ्यांनी करंगळी वर करून परवानगी मागितली, त्याने.

वाचले ते शेजारच्या काकांमुळे. ते शिडी मागायला आले. बाबा त्यांना कुजबुजत म्हणाले, 'मी अटकेत आहे, आत येऊ नका.' काका थेट आत आले, फोनमध्ये डोकावले आणि म्हणाले, 'कुठल्या ठाण्याचे रे तुम्ही? इथले साहेब माझ्या ओळखीचे आहेत, बोलावू का?' स्क्रीन काळी. काका शिडी घेऊन गेले.

पैशांपेक्षा त्या परवानगीचा राग जात नाही मला.

ट्रंककॉल

वाचून सुन्न झालो. बाबांना सांगा, यात त्यांचा कमीपणा काही नाही. यात डॉक्टर, बँकवाले, इंजिनिअर सगळे अडकलेत. डिजिटल अटक असा प्रकारच आपल्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी तशा फोनचं रेकॉर्डिंग ऐकवून हेच सांगितलं होतं. आणि ट्राय कोणाला फोन करून नंबर बंद करत नाही, ते त्यांचं कामच नव्हे.

त्या खाकी वर्दीमागे बसलेला पोरगाही कधीकधी कोंडलेला असतो. कंबोडिया, म्यानमारच्या सीमेवर अशा वसाहतीच आहेत. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि फोनला बसवतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधून आपल्या हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. म्हणून सहानुभूती दाखवा असं नाही म्हणत. पण हा धंदा केवढा पसरलाय त्याची कल्पना यावी.

पावसाळी

आमच्या काकांचे गेले. विजेचं बिल थकलंय, रात्री साडेनऊला लाईट कापणार, हा मेसेज, खाली 'अधिकाऱ्याचा' नंबर. फोन केला, त्याने एक फाइल पाठवली, काकांनी ती बसवली आणि फोन त्याच्या ताब्यात गेला. १ लाख ८० हजार, चार व्यवहारांत.

उपयोगी पडेल म्हणून सांगते. चुलतभावाने अर्ध्या तासात १९३० लावला. पहिल्यांदा लागला नाही, चौथ्यांदा लागला. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, बँक तयार ठेवा, ते तेवढंच विचारतात. ते लगेच पुढच्या बँकेला कळवतात आणि पैसा जिथे पोचलाय तिथे गोठवतात. एक लाखाच्या आसपास अडकले, बाकीचे तोवर कुठल्याशा एटीएममधून निघाले होते. अडकलेले परत मिळायला कोर्टाचा आदेश लागला, सात महिने गेले. आधी ठाण्यात जाऊन रांगेत बसलो असतो तर तेही नसते मिळाले.

खातेवही

पावसाळी, नेमकं लिहिलंत. लोक इथे घोळ घालतात म्हणून जोडतो: पैसे गेले असतील तर १९३०. पैसे गेले नाहीत पण फोन फसवणुकीचा वाटला तर संचार साथीवर 'चक्षू' म्हणून जागा आहे, तिथे नंबर कळवायचा. आणि नुसती जाहिरातीची कटकट असेल तर १९०९. बाबांच्या जूनच्या फोनची चक्षूवर नोंद केली का?

चिंचगुळ (धागाकर्ती)

नाही हो. त्या दिवशी आम्ही फक्त त्यांना जेवायला घालत होतो.

डब्लिनची_बाय

अवांतर: नाव दाखवणारं ॲप कोणी वापरतं का? ट्रूकॉलर वगैरे. विश्वास ठेवावा का?

लोकेशन_पाठवा

तिथे दिसणारं नाव म्हणजे लोकांनी तुम्हाला काय म्हणून सेव्ह केलंय ते. माझं 'पार्सल काळा शर्ट' दिसायचं.

फेज_न्यूट्रल

माझं 'वायरमन येतो म्हणतो येत न्हाई'. मेव्हण्यानं दाखवलं. कुणी केलंय ते शोधतोय.

मांडवी

माझ्या सासूबाई 'गॅस शेगडी रिपेअर पर्वरी'. पूर्वी तो नंबर त्या दुरुस्तीवाल्याचा होता. त्यांना अजून महिन्यातून एकदा शेगडीसाठी फोन येतो आणि त्या पत्ता विचारून दुसऱ्या दुरुस्तीवाल्याला कळवतात. कमिशन घेत नाहीत अजून.

ट्रंककॉल

ट्रूकॉलर स्वीडनची कंपनी, २००९ची, आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपणच. आपल्या फोनमधली नावं मिळूनच तो कोश होतो, त्यामुळे 'मुंबई पोलीस' असं नाव दिसलं तर ते कोणीतरी तसं भरलेलंही असू शकतं. तांबडा रंग दिसला तर मान डोलवा, हिरवा दिसला म्हणून भुलू नका.

सिमच्या अर्जावरचं नाव थेट कंपनीनेच दाखवावं, अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. चांगली गोष्ट. पण आपल्याकडे घरातली सगळी सिम एकाच्या नावावर. माझ्या बायकोने, सुनेने, नातवाने, कोणीही फोन केला तरी माझंच नाव दिसणार. भिशीच्या बायकांना मी फोन करतोय असं वाटणार.

नाठाळ

ट्रंककॉल, ते पाचवं सिम वहिनींचं असेल.

ट्रंककॉल

तोंड सांभाळा.

चिंचगुळ (धागाकर्ती)

रविवारी वाईला जाऊन आले. तुमचं सगळं बाबांना वाचून दाखवलं, पंख्याची गोष्ट दोनदा.

बाबा म्हणाले, 'मी फोन उचलणार. उद्या रस्त्यात कोणी पडला आणि त्याने माझा नंबर दिला तर?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर स्केचपेनने त्यांनीच लिहिलं आणि फोनच्या वर भिंतीला लावलं, डाव्या हाताने, त्यामुळे अक्षर पहिलीतल्या मुलाचं आलंय. 'कोण? कोणाशी काम? बरं. मी विचारून पाच मिनिटांत लावतो.' आणि खाली शिडीवाल्या काकांचा नंबर. विचारून म्हणजे त्यांना विचारून. पैसे, आधार, ओटीपी यातला एक शब्द आला की मधली वाक्यं वगळून ठेवून द्यायचा. 'आकडे दाबा' म्हटलं तरी दाबायचे नाहीत, हे त्यांनी स्वतः वेगळ्या रंगात जोडलं.

मी माझ्याकडे सायलीने सांगितलेलं रिपीट कॉलर लावलं. आणि नंबर पाठ करायला घेतलेत. भावाचा झाला, नवऱ्याचा शेवटच्या चार आकड्यांत अडखळते.

रसवंतीवाल्याला भेटून आले. पैसे घेतले नाहीत, रस पाजला. त्याचा नंबर सेव्ह केलाय.

एक अडचण मात्र आहे. स्क्रीन दुरुस्तीला टाकलीय तोवर बाबांना बटणांचा साधा फोन दिलाय, आणि त्यात मी मराठीत सेव्ह केलेली नावं दिसतच नाहीत, नुसते चौकोन येतात. म्हणजे सध्या मी, भाऊ, काका, सगळेच अनोळखी. काही उपाय?

फेज_न्यूट्रल

इंग्रजीत सेव्ह करा ताई. आन प्रत्येकाला वेगळी रिंगटोन लावा, बगायचं कामच न्हाई. आईच्या फोनला तेच केलंय. बाकी कुणाचाबी आला तर साधी घंटा, माझा आला की हलगी वाजती. स्वयंपाकघरातनं ओरडती, पोराचा हाय, उचला कुणीतरी.

चिंचगुळ (धागाकर्ती)

हलगी! त्या फोनमध्ये कशी टाकायची पण?

फेज_न्यूट्रल

मेमरी कार्ड असंल तर त्यात कॉपी करायची. काम संपलं की रात्री लिवतो सविस्तर, आत्ता खांबावर हाय.

नाठाळ

खांबावर असताना धागा वाचतोय. म्हणूनच 'येतो म्हणतो येत न्हाई'.